संत्र्याचा ताण मोजणाऱ्या बाई

"वाटते म्हणू नका जी. पायलं का? मोजलं का? मंग बोला."

हे बोलताना बाई उजव्या हाताच्या दोन बोटांची चिमूट करून तुमच्या नाकासमोर धरत. जणू तुमचं म्हणणं म्हणजे डाळीतला खडा, आणि त्या तो उचलून उजेडात पाहणार. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी खेळ. अशा बाईंच्या शेजारच्या खुर्चीत माझ्यासारख्या माणसाचं काय होत असेल, तुम्हीच विचार करा. मी आजवर एकही गोष्ट होती त्याहून लहान करून सांगितलेली नाही.

एकदा शाळेमागच्या पटांगणात नाग निघाला. मी स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, बारा हात लांब, फणा सुपाएवढा, आणि फूत्कार असा की बाभळीची पानं गळाली. सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी बाईंनी कुंपणाच्या काट्यांतून त्याची कात शोधून आणली आणि माझ्या समोरच तिला फूटपट्टी लावली.

"सर, हा तं तीन हात बी भरला नाई."

"बाई, कात वाळली की आकसते."

"उलटी ताणल्या जाते ती, सर. जित्ता साप याच्याहून बी लहान असन." आणि चिमूट नाकासमोर. "तुमी मोजला होता का?"

तेव्हापासून शाळेत माझ्या सापाची लांबी कमी होत गेली ती गेलीच. आता तर लोक त्याला गांडूळ म्हणतात.

आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. किल्ली मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कमरेला. आत काचेच्या नळ्या होत्या, लोलक होता, चुंबक होते, आणि वीज वाहते का ते दाखवणारं, काचेखाली काटा थरथरणारं एक गॅल्व्हानोमीटर होतं. ते कपाट वर्षातून एकदाच उघडायचं, दसऱ्याला. सगळी उपकरणं टेबलावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, आरती करायची आणि पुन्हा कुलूप. पोरी हात लावतील, फुटेल, मग साहेबाला काय सांगायचं? आमच्या गॅल्व्हानोमीटरवर इतक्या दसऱ्यांचं कुंकू साचलं होतं की त्याचा काटा शेंदूर फासलेल्या मारुतीसारखा दिसत होता. यात मी थोडी भर घातली आहे. पण थोडीच.

त्या वर्षी आरती झाली, प्रसादाचं खोबरं वाटून झालं, आणि बाई टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"मोठ्या बाई, पूजा झाली ना?"

"झाली."

"मंग आता कामाले लावू. बैलाची पूजा करतो तं दुसऱ्या दिवशी त्याले गोठ्यात कोंडून ठेवतो का?"

मोठ्या बाई कमरेची किल्ली चाचपत राहिल्या. बाईंनी गॅल्व्हानोमीटरवरचं कुंकू पदराने पुसलं आणि उपकरणं दहावीच्या वर्गात नेली. कपाटाचं कुलूप त्यानंतर लागलं नाही.

आता जे पुढे सांगतो त्यासाठी त्या दिवसांची अडचण समजून घ्या. दहा अधिक दोनचा नवा प्रकार तेव्हा नुकताच आला होता. मुलींच्या शाळेला अकरावी मिळाली, पण फक्त कला. विज्ञान पाहिजे असेल तर मुलांच्या शाळेत जा. आता सौंसर-मोहगावकडचे बाप मुलीला मुलांच्या शाळेत बसवणार, असं तुम्हाला वाटतं? वाटते म्हणू नका. बाईंनी घरोघरी जाऊन मोजलं होतं. एकही बाप तयार नव्हता.

त्या वर्षीच्या दहावीत मोहगावच्या रस्त्यावरच्या एका संत्राबागवाल्याची मुलगी होती. उंच, सावळी, हाताला सदा मातीचा वास. वर्गात बाईंना सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी तीच. तिच्या बापाने साफ सांगितलं होतं, "बाई, तुमच्या शाळेत सायन्स उघडन तं शिकवतो. पोट्ट्यांच्या शाळेत नाई धाडत. मंग दहावी झाली का घरी." माणूस वाईट नव्हता. बोलताना बाईंच्या हातात दोन संत्री ठेवून बोलला.

म्हणून बाईंनी ठरवलं, अकरावीचं विज्ञान आपल्याच शाळेत आणायचं. त्यासाठी शाळा तपासायला आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांपुढे त्यांनी हात जोडले. साहेब छिंदवाड्याहून जीपने आले होते, चहासोबत आमचा चिवडा खाल्ला आणि म्हणाले, "बहनजी, लड़कियाँ साइंस लेकर क्या करेंगी? और आपकी लड़कियों में साइंस है कहाँ? जबलपुर में संभाग की विज्ञान प्रदर्शनी है. वहाँ कुछ करके दिखाइए, फिर देखेंगे."

संभाग म्हणजे कितीतरी जिल्ह्यांचा मिळून एक विभाग. साहेबाला वाटलं, विषय संपला. बाईंना वाटलं, तारीख मिळाली.

पण न्यायचं काय? इतर शाळा ज्वालामुखी नेतात, धरण नेतात, थर्मोकोलचं सौरमंडळ नेतात. बाई म्हणाल्या, "ज्वालामुखी सौंसरात कोणी पायला? आपल्याले जे मोजता येत नाई ते मोजू." तेव्हा ती बागेतली मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या घरी दरसाल ताणावरून भांडण होते. ते मोजता येईन का?"

ज्यांच्या घरी संत्र्याची बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत बागेचं पाणी बंद करतात. झाड तहानतं, पानं लटकतात. यालाच ताण म्हणायचं. ताण पुरा बसला की पाणी सोडायचं, मग झाड असं फुलतं की बागेत शिरलेल्या माणसाला आपल्या घामाचाही सुगंध येतो. पाणी लवकर सोडलं तर बहर गेला. उशीर झाला तर झाडच गेलं. आणि ही वेळ ठरवायची कशी? नुसती पाहून. या मुलीचा बाप म्हणायचा आज सोडू, काका म्हणायचा अजून नाही, आणि दोघं बांधावर उभे राहून इतके ओरडायचे की पांढुर्ण्याच्या स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीचा गार्ड शिट्टी विसरायचा.

"तुझ्या बाबानं मोजला का ताण?" बाई.

"नाई."

"काकानं?"

"नाई. तो कसा मोजतेत, बाई?"

"माहीत नाई. पाहू."

"माहीत नाई" हे शब्द शिक्षकाच्या तोंडून इतक्या आनंदाने निघालेले मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

पुढचे दोन महिने शाळेच्या ओट्यावर चिखल झाला. ओली माती वीज जाऊ देते, कोरडी अडवते, एवढंच त्यांचं तत्त्व. मातीत दोन सळया खोचायच्या, त्यांना तार, तारेला सेल आणि छोटा लाल दिवा. पण मातीतून येणारी वीज इतकी क्षीण की दिवा पेटेना. बाई बसने पांढुर्ण्याला गेल्या, स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात बाकावर बसल्या आणि दिवसभर त्याला प्रश्न विचारले. संध्याकाळी तो बिचारा म्हणाला, "बाई, हे दोन ट्रान्झिस्टर घ्या आन मले दुकान बंद करू द्या." क्षीण वीज वाढवणारे ते नखाएवढे तुकडे बसवले आणि दिवा लागला. माती ओली, दिवा चालू. ताण पुरा बसला, दिवा बंद. मुलींनी सळया बागेत नेल्या, बापाच्या आणि काकाच्या भांडणाच्या मधोमध खोचल्या. दोघंही खाली बसून दिव्याकडे पाहत राहिले. त्या बांधावर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

जबलपूरला तीन मुली, बाई आणि मी असे निघालो. मुलींसोबत एक पुरुष पाहिजे असा नियम होता, आणि शाळेत पुरुष म्हणून मी एकटाच. सहावं माणूस म्हणजे रॉकेलच्या कापलेल्या पिप्यात लावलेलं संत्र्याचं रोप. मुलीच्या बापाने ते स्वतः डोक्यावर आणून दिलं. ताणावर ठेवलेलं, पानं मलूल. "पानी देजो नका," तो मला तीनदा म्हणाला. लेकीला सांभाळा असं एकदाच म्हणाला.

तेव्हा आमच्याकडून छोटी गाडी होती. अरुंद रुळांवरची ती गाडी इतकी सावकाश चालायची की मी पुढच्या डब्यातून उतरलो, शेतातले हरबऱ्याचे ढाळे उपटले, मालकाशी दोन शब्द बोललो आणि मागच्या डब्यात चढलो. बाईंनी हे पाहिलं नव्हतं म्हणून मला सांगता येतंय. वाटेत टीसीने रोपाकडे बोट दाखवलं.

"ये किसका है? इसका टिकट?"

"पाँच साल से छोटा है साहब," मी म्हटलं. "गोद में ही बैठेगा."

टीसी हसला आणि पुढे गेला. बाई मात्र हसल्या नाहीत. खिडकीबाहेर पाहत हळूच म्हणाल्या, "सर, हे नाई झालं तं ती पोरगी घरी बसन." मग हरबरा सोलू लागल्या.

प्रदर्शन एका मोठ्या शाळेत होतं. दालन एवढं मोठं की या टोकाला बोललेलं त्या टोकाला दुसऱ्या दिवशी ऐकू येईल. आमच्या शेजारी एक प्रचंड धरण होतं, त्यावर दिव्यांची माळ, खाली निळं पाणी, आणि सफारी घातलेले त्यांचे सर. संध्याकाळी आम्ही टेबल मांडलं. सळया खोचल्या, दिवा बंद. बरोबर. परीक्षकांसमोर मुलगी पाणी घालणार, दिवा लागणार, टाळ्या. सगळं पाठ झालं होतं.

सकाळी पोहे खाऊन दालनात आलो तर दिवा लागलेला!

लाल, ठळक, निर्लज्ज. माती वरून पाहिली तर भुरभुरीत कोरडी. मुलींचे चेहरे रोपापेक्षा मलूल. एकीने तारा तपासल्या, एकीने सेल काढून पुसला, पुन्हा बसवला. दिवा लागलेलाच. आणि परीक्षक शेजारच्या धरणापाशी आलेले. त्यांच्यामागे आमच्याच जिल्ह्याचे ते साहेब.

धरणवाले सर झुकून कानात म्हणाले, "बहनजी, एक तार ढीली कर दो. बत्ती बुझ जाएगी. बाद में जोड़ देना. यहाँ सब चलता है." त्यांचं स्वतःचं धरण तेव्हा मागून गळत होतं आणि एक विद्यार्थी टेबलाखाली बसून रुमालाने पाणी टिपत होता.

मुलीचा हात तारेकडे गेला. तिची चूक नव्हती. तिचं पुढचं सारं शिक्षण त्या दिव्यावर टांगलेलं होतं.

बाईंनी तो हात धरला.

"राहू दे."

"पन बाई, मशीन खोटं बोलून राहिली."

"कायवरून? तिले जे दिसते ते ती सांगून राहिली. आपल्याले कारण माहीत नाई, एवढंच."

मी खरं सांगतो, कधी नव्हे ते. त्या क्षणी मला बाईंचा राग आला. इतक्या लांब येऊन, दारात पोहोचून, ही बाई एका तारेसाठी सगळं घालवणार, असं मला वाटलं. वाटलं म्हणतो, कारण मोजायला वेळ नव्हता. परीक्षक आले होते.

मुख्य परीक्षक इंजिनियरिंग कॉलेजचे प्रोफेसर होते, पांढरे केस, जाड चष्मा. मुलीने हिंदीत सांगितलं, आमच्या हिंदीत, म्हणजे अर्धी मराठी. प्रोफेसरांनी मातीवर बोट फिरवलं, धूळ उडाली. "मिट्टी सूखी है और बत्ती जल रही है. आप कहती हैं, सूखी में बुझनी चाहिए. सर्किट में गड़बड़ है, बेटा." आणि वळले. मागे आमचे साहेब हसले. मोठ्याने नाही. पण मला दिसलं.

आमच्या बाई साहेब लोकांपुढे कधी मान वर करत नसत. पगाराचं विचारायलासुद्धा मला पुढे करायच्या. त्या बाईंनी त्या एवढ्या दालनात प्रोफेसरांना थांबवलं.

"सर, रुकिए जी." उजवा हात उठला, चिमूट झाली, आणि थेट त्या जाड चष्म्यासमोर. "गड़बड़ है, ऐसा लगता है आपको. देखा क्या? नापा क्या?"

साहेबांचं हसू जागीच वाळलं. धरणवाल्या सरांनी डोळे मिटले. प्रोफेसर त्या चिमटीकडे पाहत राहिले. एवढ्यात ती मुलगी ओरडली, मराठीतच, "बाई, पानं पाहा! पानं उभी झाली!"

आणि झाली होती. काल बेवारस कपड्यासारखी लटकलेली पानं टवटवीत उभी होती. आम्ही सगळे दिव्याकडे पाहत होतो, झाडाकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

"सर, झाड को किसी ने पानी दिया," ती म्हणाली. "मशीन बराबर है."

बाईंनी पिशवीतून लोखंडी फूटपट्टी काढली आणि पिप्यात सरळ उभी खुपसली. बाहेर काढली. वरचा बोटभर भाग कोरडा. खाली चिखल. त्यांनी ती तशीच, थेंब गळत असलेली, प्रोफेसरांच्या हातात दिली. "अब नापिए."

तेवढ्यात गर्दीतून त्या शाळेचा म्हातारा माळी पुढे आला. त्याला वाटलं, आपल्यावर काही आलं. "साहब, हमने डाला था सबेरे. पौधा मर रहा था बेचारा. पानी डालके ऊपर सूखी मिट्टी बिछा दी, कि नमी बनी रहे." चांगल्या माळ्याने जे करावं तेच त्याने केलं होतं. फक्त आमच्या भागात ताणावरच्या झाडाला कोणी पाणी घालत नाही, हे जबलपूरच्या माळ्याला कोण सांगणार?

प्रोफेसर मोठ्याने हसले. चष्मा काढला, पुसला. "यानी मेरी उँगली को धोखा हुआ, इस बत्ती को नहीं." मग मुलीला इतकं विचारलं, इतकं विचारलं, की मागचे दोन ज्वालामुखी थंड पडले. शेवटी म्हणाले, "ग्यारहवीं में फिजिक्स लोगी न?"

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाई बोलल्या, "सर, हमारे यहाँ लड़कियों के स्कूल में साइंस नहीं है."

"क्यों नहीं है?" प्रोफेसर साहेबांकडे वळले.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "खुल रहा है सर. इसी जुलाई से. फाइल चल रही है."

ती फाइल त्या क्षणी जन्माला आली, याला मी साक्षीदार आहे. पण इतक्या लोकांत जन्मली की नंतर तिला मारणं साहेबांना जमलं नाही. पहिलं बक्षीस धरणालाच मिळालं, ते सांगायचं राहिलं. आम्हाला दुसरा क्रमांक. परतताना छिंदवाड्याहून बस धरली. सौंसरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ढोल होते, हार होते, आणि गर्दी अशी की नागपूरची बस तासभर अडली. बाई इथे असत्या तर म्हणाल्या असत्या, ढोल एकच होता. असो. एक ढोलसुद्धा जोरात वाजवला तर खूप असतो. मुलीचा बाप पुढे आला, आधी त्याने पिप्यातलं झाड पाहिलं. "पानी कोनं देल्लं याले?" मग लेकीकडे पाहिलं, आणि पिपा उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला.

जुलैत वर्ग उघडला. आणि शिकवायला बाई नव्हत्या. अकरावीला एम.एस्सी. झालेला व्याख्याता लागतो आणि बाई बी.एस्सी. मी स्टाफरूममध्ये टेबल असं आपटलं की... बरं, आपटलं. बाई शांत.

"सर, वर्ग पोरींसाठी मांगतला होता. माह्यासाठी थोडी मांगतला?"

वर खात्याने त्यांची बदली केली, पांढुर्ण्याला. सौंसरच्या मुलींसाठी विज्ञान आणणाऱ्या बाईंचा खात्याने असा सत्कार केला. मी भडकलो तर त्या उलट खूश. "तिथल्या मुलींच्या शाळेत बी सायन्स नाई म्हणते. पाहू." काही वर्षांनी तिथेही वर्ग उघडला, हे सांगायला नको. आमची ती मुलगी इंजिनियर झाली. धरणांवर काम करते, खऱ्याखुऱ्या, न गळणाऱ्या. बाई आता नाहीत. हे सांगताना मला भर घालता येत नाही.

मला आठवतो तो त्यांचा सौंसरमधला शेवटचा दिवस. पांढुर्ण्याची बस सुटायला अवकाश होता, म्हणून बाई शाळेत निरोप घ्यायला आल्या. नव्या प्रयोगशाळेत अकरावीच्या मुली होत्या. मी म्हटलं, थांबा, सगळ्यांना बाहेर बोलावतो, रांगेत उभ्या करतो, एक नमस्कार तर होऊ द्या. आणि दाराकडे निघालो.

बाईंनी माझी बाही धरली. खिडकीतून आत पाहत होत्या. ती मोहगावकडची मुलगी तारेवरून पट्टी हळूहळू सरकवत होती, बाकीच्या त्या गॅल्व्हानोमीटरच्या काट्यावर वाकल्या होत्या. एकीचंही लक्ष बाहेर नव्हतं.

"नको जी, सर," बाई कुजबुजल्या. "रीडिंग घेऊन राहिल्या त्या."

आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो. आत काटा हलला, थांबला. मुलीने आकडा सांगितला, दुसरीने लिहून घेतला. बाईंनी मान डोलावली, पदर खोचला, आणि पायांचा आवाज होणार नाही अशा बेताने फाटकाकडे चालू लागल्या.